एकच रेघ

अण्णा,

पत्राला विषय हवा, ही तुमची शिस्त. ‘विषय आधी, रडगाणं मग,’ असं तुम्ही मला दुसऱ्याचा अर्ज सांगतानाही म्हणायचात. तर विषय असा: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातले तुमचे कागद. आणि संदर्भ द्यायचा तर तुमचेच सत्तेचाळीस अर्ज. ते आत्ता माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडले आहेत. त्यांच्याशेजारी एक छापील फॉर्म आहे. तो भरून शनिवारी द्यायचा आहे आणि तो मला भरता येत नाहीये. आयुष्यभर मी लोकांचे फॉर्म तपासले, चुका काढून परत पाठवले. हा एक पानाचा फॉर्म चार दिवस अडला आहे.

फॉर्म तुमच्या पणतीनं आणला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तिची आई तुमच्या मांडीवर बसली होती तेवढंच. मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. गेल्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत, श्रूजबरीला, माझ्याकडे राहायला आली आणि तळघरातलं सामान आवरताना तिला तुमची फाइल सापडली. कार्बनच्या निळ्या प्रती, पातळ कागद, प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात तुमच्या हातचं ‘स्थळप्रत २, अमेरिका’. तिला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचता येतं. महिनाभर ती फोन आणि शब्दकोश घेऊन बसली. एक दिवस वर आली ती डोळे लाल करूनच. “आजी, दे टूक एव्हरीथिंग फ्रॉम हिम. पोलिसांनी सगळं नेलं आणि नंतर म्हणाले, नेलंच नाही. हाऊ डू यू लिव्ह विथ दॅट?” मी म्हटलं, “आधी जेवून घे, भात गार होतोय.” तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात प्रदर्शन आहे. हुकूमशाही कारभारात सरकारी चोरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या साध्या माणसांचे कागद, घराघरांतून मागवलेले. तुमचे अर्ज काचेखाली लागणार आहेत आणि नंतर ग्रंथालयात कायमचे राहणार आहेत. तुमच्या नावाखालचा मजकूरही तिनं लिहून ठेवला आहे: पोलिसांनी मूळ पुरावे घरातून जप्त केले आणि नष्ट केले. माझ्याकडून फक्त सही हवी, आणि एका चौकोनात चार ओळी. या कागदांबद्दल तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे?

मला काय माहीत आहे ते सांगते.

मला न्हाणीघराची खिडकी आठवते. तुम्ही दवाखान्यातून येताना पिशवीत रिकाम्या कुप्या आणि बाटल्या आणायचात, त्या बादलीत भिजत घालायचात आणि तास-दोन तासांनी नखानं लेबलं सोडवून खिडकीच्या काचेला चिकटवायचात. ऊन आलं की काच रंगीबेरंगी दिसते. आई भांडी घासता घासता म्हणते, “लोकांचे नवरे पुस्तकात फुलं सुकवतात. माझ्या नशिबी खोकल्याच्या बाटल्या.” तुम्ही म्हणता, “फुलांवर सरकारी शिक्का नसतो ना.” तो शिक्का हीच सगळी गोष्ट होती. ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही.’ क्षयाची इंजेक्शनं तालुक्याच्या दवाखान्यात आली अशी नोंद व्हायची, रोग्याला ‘शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवायचे, आणि तीच कुपी, त्याच शिक्क्यासकट, बाजारपेठेतल्या दुकानात मिळायची. ज्याला परवडे तो घ्यायचा. इतरजण खोकत घरी जायचे. तुम्ही त्या दवाखान्याचे कंपाउंडर. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला असायची आणि कपाट रिकामं असायचं.

तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. रविवारी सायकल काढायचात, ज्यांनी दुकानातून कुपी घेतली त्यांच्याकडे जायचात, रिकामी कुपी मागून आणायचात. लेबल कागदाला चिकटवायचं, खाली लिहायचं की ही कुपी मी अमुक दुकानातून अमुक दिवशी घेतली, दवाखान्यात मला नाही म्हणाले, आणि त्याखाली त्या माणसाची सही किंवा अंगठा. लिहायचं काम माझं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तुमचंही अक्षर तसंच झालं होतं, दुसऱ्या कंपाउंडरलाच लागेल असं. म्हणून शाळेत असल्यापासून अर्ज माझ्या हातचे. ‘माननीय जिल्हाधिकारी साहेब यांचे सेवेशी’ हे मी व्याकरण शिकायच्या आधी शिकले. अर्ज वर जायचा, त्याची पोच यायची किंवा यायची नाही, पण स्थळप्रत आणि अंगठ्यांचे मूळ कागद डब्यात राहायचे. “मूळ कागद कुणाला द्यायचा नाही,” तुम्ही म्हणायचात. “प्रत मागतील तितक्या द्या. मूळ गेलं की आपण फक्त बडबडणारी माणसं.”

एकदा, मी नववीत असेन, अर्जात तारीख चुकली. मी ब्लेडनं शाई खरवडली, वर नवा आकडा काढला, नखानं कागद घासून गुळगुळीत केला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही कागद उजेडासमोर धरलात आणि कधी नव्हे ते आवाज चढला. “हे काय केलंस?” मी म्हटलं, चूक दुरुस्त केली. “ही दुरुस्ती नाही, ही लपवाछपवी. चुकलं तर एकच रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिहायचं आणि सही करायची, म्हणजे चूक कोणाची तेही कळतं.” मग दवाखान्याची औषधांची नोंदवही काढून तुमच्या स्वतःच्या चुका दाखवल्यात, पानोपानी रेघा, शेजारी तुमची आखूड सही. मी विचारलं, मग पेन्सिलीनं का नाही लिहीत, खोडता येईल. तुम्ही हसलात. “पेन्सिलीनं लिहिणारा पळायच्या तयारीत असतो.”

आणीबाणी लागली तेव्हा मी शहरात एम.एस्सी.ला होते. आपल्याकडे ती जरा उशिरा पोचली, पण पोचली ती सोयीची होऊन. ज्यांना पूर्वी तुमचे अर्ज दाबून ठेवावे लागत, त्यांना आता तुम्हालाच दाबून ठेवता येत होतं. तुम्हाला दवाखान्यातूनच नेलं, हातात खलबत्ता होता म्हणे. मिसाखाली, म्हणजे खटला नाही, आरोप सांगायचा नाही, तारीख नाही. घरी कोणी आलं नाही, झडती नाही, काही नाही. डबा फडताळात, पिठाच्या डब्यामागे जिथे होता तिथेच राहिला. मला आईनं बोलावून घेतलं. तुम्ही तुरुंगातून पाठवलेल्या पहिल्या पोस्टकार्डात तब्येत उत्तम असल्याचं होतं आणि शेवटी एक ओळ होती: ‘पिठाच्या मागे बघत जा, वाळवी लागते.’ तपासणाऱ्यानं ते वाचून सोडून दिलं असणार. आई म्हणाली, “बायकोची चौकशी नाही, पण वाळवीची आहे.” पण दर शनिवारी ती डबा काढून पुसायची.

पुढच्या वर्षी मला अमेरिकेच्या विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश आणि शिष्यवृत्ती. पासपोर्टसाठी अर्ज केला. मग निरोप आला की पोलीस चौकशीला घरी माणूस येईल, गुरुवारी.

त्या गुरुवारी सकाळी न्हाणीतला पाण्याचा बंब मी पेटवला. रोज आई पेटवायची. आधी चिपाडं घातली, मग दोन ढलप्या, आणि मग डबा उघडून एकेक कागद. लेबलं लगेच पेटत नाहीत, डिंकामुळे फुगतात, काळी होतात आणि मग वास येतो, औषधाचा नाही, जळक्या साखरेसारखा. अंगठे मात्र चटकन गेले. मी मोजले नाहीत. शेवटी टाचण्या राहिल्या, त्या चिमट्यानं काढून परसात पुरल्या. आई न्हाणीच्या दारात आली, माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघितलं, बंबाच्या नळाखाली बोट धरलं आणि म्हणाली, “आज पाणी लवकर तापलं.” एवढंच. मग आत जाऊन तिनं तो डबा घासला, उन्हात वाळवला आणि त्यात पोह्याचे पापड भरले.

हवालदार दुपारी आला. आपल्याच पेठेतला. ओसरीवर बसला, टोपी मांडीवर ठेवली, चहा बशीत ओतून घेतला. “अण्णांनी माझ्या पोरीचा डांग्या खोकला बरा केला होता, ताई,” म्हणाला. मी उभीच होते. मी म्हटलं, घर बघायचं असेल तर बघा, काही नाही आमच्याकडे. माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यानं मान हलवली. “नको नको. मला काही दाखवूच नका. दाखवलं की लिहावं लागतं.” कागदावर माझी सही घेतली आणि गेला. त्यानं उंबरा ओलांडून आत पाय टाकला नाही, अण्णा. डबा फडताळात असता तरी तो तिथेच राहिला असता.

तुम्ही मार्चमध्ये सुटलात. सकाळच्या गाडीनं आलात. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तुम्ही बारीक झाला होतात आणि सदरा खांद्यावरून घसरत होता. पहिलं म्हणालात, “कढत पाणी दे गं, दोन हिवाळे गार पाण्यानं आंघोळ केली.” बंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, ओल्या केसांनी पाटावर बसलात, पहिला घास घ्यायच्या आधी माझ्याकडे बघितलंत. “डबा?”

मी वाढत होते. हातात वरणाचा डाव होता. मी म्हटलं, “पोलिसांनी नेले कागद.”

हे मी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर चांगलं खोटं सुचलं असतं, पाणी गळलं, वाळवी लागली, काहीही. तुम्ही आईला विचारलंत, “आले होते?” आई म्हणाली, “आला होता एक हवालदार.” हे खरंच होतं. तुम्ही पानाभोवती पाणी फिरवलंत आणि तुमचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं, हे रडतील, चिडतील. तुम्ही म्हणालात, “म्हणजे आहेत. सरकारजमा झालेला कागद हरवत नाही. नवं सरकार आलंय, परत मागू.” आणि जेवलात, भात दोनदा घेतलात.

तिथून ते सत्तेचाळीस अर्ज. पहिले सहा माझ्या हातचे आहेत, पुढचे तुम्ही कचेरीसमोरच्या टायपिस्टकडून करून घेतलेत. तुम्ही झोपाळ्यावर बसून सांगताय, मी खाली पाटावर वही ठेवून लिहितेय: ‘माझ्या अनुपस्थितीत माझ्या राहत्या घरातून आपल्या कर्मचाऱ्याने नेलेले कागद, पंचनाम्याच्या प्रतीसह, परत मिळावेत, ही विनंती.’ जे मी जाळलं ते परत मागणारा अर्ज मी सुंदर अक्षरात लिहिला, समास सोडून, आणि तुम्ही वाचून म्हणालात, “झकास.” ठाण्याचं उत्तर महिन्यानं आलं. ‘सदर इसमाच्या घरातून कोणतेही कागद जप्त करण्यात आलेले नाहीत.’ आयुष्यात एकदा त्या ठाण्यानं खरं लिहिलं आणि तुम्ही ते आईला वाचून दाखवून हसलात. “बघितलंस? कोडगेपणाची हद्द.” आई गव्हल्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या उन्हाळ्यात कासारीणबाई आल्या होत्या, बांगड्या भरायला म्हणून. त्यांचा नवरा क्षयानं गेला तो तुम्ही आत असताना. माझ्या हातात बांगड्या चढवताना त्या ओसरीकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, “अण्णासाहेब, माझा अंगठा हाय न्हवं तुमच्यापाशी? म्या लावला तवा ह्यो जित्ता व्हता.” तुम्ही म्हणालात, “आहे, आहे. पोलिसांकडे आहे. आणतो परत.” त्या म्हणाल्या, “मग पुन्ना लावू का येक? अंगठा तर हाय माझा.” ते ऐकून माझा हात आखडला, बांगडी फुटली, मनगटाला काच लागली. त्या क्षणी मला सुटायचा रस्ता होता. तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात तरी पुरे होतं. पण तुम्ही त्यांना नीट समजावलंत की मूळ कागद अस्तित्वात असताना दुसरा केला तर उद्या वकील म्हणेल, दोन्ही खोटे. मूळच परत आणायला हवेत.

मला ज्याचं वाईट वाटतं ते हे आहे. जाळलं ते जाळलं. बावीस वर्षांची मुलगी, बाप तुरुंगात, भीती कोणाला चुकली. पण त्या मार्चात तुम्ही पाटावर बसलेले असताना मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी दोन दिवस बोलला नसतात आणि तिसऱ्या दिवशी सायकल काढली असतीत. माणसं जिवंत होती, दुकान चालू होतं, कुप्या मिळत होत्या. नव्या सरकारनं औषधचोरीसाठी नेमलेला चौकशी अधिकारी सात महिन्यांनी आला. सात महिन्यांत तुम्ही पुन्हा डबाभर कागद केले असतेत. त्याऐवजी तुम्ही त्याच्यासमोर ठाण्याचं उत्तर ठेवलंत आणि म्हणालात, हे खोटं आहे. त्यानं विचारलं, मूळ? तुम्ही म्हणालात, पोलिसांकडे. तो चहा पिऊन गेला. पुराव्याअभावी प्रकरण बंद. ज्यांच्या सहीनं औषध बाहेर जायचं ते डॉक्टर बढतीवर जिल्ह्याला गेले. तुम्हाला नोकरीत परत घेतलं, पण कपाटाची किल्ली दिली नाही. मी तोवर इथे आले होते, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात, पाच मुलींच्या घरात, बाहेर पहिला बर्फ पडत होता आणि मी तुमच्या जाडजूड पाकिटातून आलेल्या पत्रात हे सगळं वाचत होते. सोबत तोवरच्या सातही अर्जांच्या प्रती होत्या. ‘ह्या तुझ्याकडे ठेव. तिथे कोणी जप्त करत नाही.’ तेव्हापासून प्रत्येक अर्जाची एक प्रत मला यायची. तुम्ही माझ्यावर पुन्हा कागद सांभाळायला सोपवलेत, आणि ते मी सांभाळले. एकाची कड दुमडलेली नाही.

सांगायची आणखी एक संधी आली होती. मुलीला घेऊन मी आले होते, ती चार वर्षांची. तुम्ही निवृत्त झाला होतात, पेठेत लोक तुम्हाला बघून ‘आले जप्तीवाले’ म्हणायला लागले होते हे मला शेजारच्या काकूंनी हसत सांगितलं. तुम्ही झोपाळ्यावर नातीला घेऊन बसला होतात, हातात नवं उत्तर, तेच वाक्य, नुसता सहीवाला बदललेला. “घरी येऊन नेलं, आणि वर म्हणतात नेलंच नाही. माणसानं इतकं निर्लज्ज व्हावं?” हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, माझ्या तोंडाकडे बघून. मी म्हटलं, “चहा टाकू?” तुम्ही म्हणालात, “टाक, आलं घाल.” तुमच्याशी समोरासमोर झालेलं ते शेवटचं खरं बोलणं.

इथे मी औषधांच्याच कारखान्यात नोकरी केली, एकतीस वर्षं. गुणवत्ता तपासणी. काम काय, तर प्रत्येक खेपेच्या नोंदी वाचायच्या आणि कुठे खाडाखोड आहे, कुठे पान बदललंय, ते शोधायचं. पहिल्या दिवशी त्यांनी नियम समजावला: चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता यायला हवं, बाजूला सही आणि तारीख, पेन्सिल वापरायची नाही. मी हसले, तर शिकवणाऱ्या बाईंना राग आला. कारखान्यात माझा दरारा होता. माझ्या हाताखाली पुण्याची एक मुलगी होती, कामाच्या व्हिसावर आलेली, दोन लहान मुलं. तिच्याकडून नोंदीच्या पानावर कॉफी सांडली. तिनं ते पान फाडून टाकलं आणि तेच आकडे नव्या पानावर स्वच्छ उतरवले. मला कळलं, मी वर कळवलं. ती माझ्या टेबलापाशी आली, मराठीत बोलली, एरवी ऑफिसात बोलत नसे. “ताई, एक आकडा खोटा नाही हो त्यात. फक्त आधीचं घाण झालं होतं म्हणून रिप्लेस केलं.” मी म्हटलं, “घाण होतं तर घाण ठेवायचं. जे मूळ आहे ते नष्ट करणाऱ्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?” ती म्हणाली, “तुमच्याकडून कधी काहीच चुकलं नाही का?” मी म्हटलं, “चुकलं तर मी रेघ मारते.” तिची नोकरी गेली, दोन महिन्यांत ते कुटुंब परत गेलं. नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. आजही असंच करेन. पण ते शेवटचं वाक्य मी तुमच्या आवाजात बोलले होते, आणि ते खोटं होतं.

आई शेवटची तीन वर्षं माझ्याजवळ होती. एकदा हिवाळ्यात नळाखाली हात धरून म्हणाली, “इथं पाणी लगेच तापतं.” मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, “त्यांना मीपण सांगू शकले असते गं.”

आता फॉर्मचं. चौकोनात मी सोमवारी शाईनं लिहिलं: मूळ कागद पोलिसांनी नेले. इंग्रजीत लिहायला पाच शब्द पुरले आणि मला जराही थांबावं लागलं नाही, इतकी सवय झाली आहे. मग मी ते वाचलं. हे तुमच्या अर्जांखाली लागणार. ज्या ठाण्यानं तुम्हाला पकडून नेलं, त्याला दोष द्यायला मला संकोच नाही, त्यानं करायचं ते पुष्कळ केलं. पण हे त्यानं केलेलं नाही. आणि काचेसमोर उभी राहून वाचणारी माझी नात हे खरं मानून पुढे शिकवेल, तिच्याकडून आणखी कोणी शिकेल. तुम्ही दहा वर्षं ज्यासाठी लढलात ते एवढंच तर होतं, की जे लिहिलं आहे ते घडलेलं असावं. तिनं काल फोन केला. “आजी, फॉर्म झाला? आय ऍम सो प्राउड ऑफ यू टू, यू नो. तू सगळं सेव्ह केलंस.” मी म्हटलं, “शनिवारी ये, मग बोलू. आणि स्वेटर घालून ये.” तिचा तो ‘प्राउड’ मला हवा आहे, अण्णा. माझं वय बघता आता फार लोक तसं म्हणतील असं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्यासाठी जाळलं. कागद सापडले असते तर तुम्हाला आणखी डांबलं असतं, आईचे हाल झाले असते. हे सगळं मी आजवर इतक्या वेळा मनात मांडलं आहे की त्यात एकही खाडाखोड राहिलेली नाही. म्हणूनच त्याचा संशय यायला हवा होता. खरं हे की त्या सगळ्या कागदांवर अक्षर माझं होतं, आणि पासपोर्टच्या अर्जावरही माझंच. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणालाही कळलं असतं. मला जायचं होतं. त्या गुरुवारी सकाळी मी तुमचा विचार केला नव्हता. बंबापुढे बसून मी स्टेट कॉलेज हे नाव मनात म्हणत होते, इंग्रजीत, उच्चार नीट यावा म्हणून.

आज सकाळी मी चौकोनातल्या त्या पाच शब्दांवर एक रेघ मारली. एकच. खालचं वाचता येतं. बाजूला लिहिलं, ‘ते मी जाळले,’ आणि आखूड सही केली, तुमच्यासारखी. हे पत्र तुमच्या सत्तेचाळीस अर्जांमागे फाइलीत ठेवणार आहे, त्याची पोच नको.

फक्त एक राहिलं. रेघ, शब्द आणि सही, तिन्ही पेन्सिलीनं आहेत. शाईचं पेन इथेच आहे, टोपण काढलेलं.